चार बोटांचा धागा

सुमन, तो लांब धागा तू टाकला नव्हतास. मी टाकला होता.

झालं, लिहून झालं. दोन ओळी. सहा वर्षं ह्या दोन ओळी माझ्या घशात बसून होत्या, आणि तू जाऊन पंचवीस दिवस झाल्यावर माझा हात चालला. मोठा मर्द म्हणवतो मी स्वतःला!

गल्लीच्या मंडळानं मला एक कागद आणून दिला होता. तुझा फोटो लावून फळ्यावर श्रद्धांजली लावायची म्हणे. माहेर कुठलं, सुरतेत कधी आली, मागं कोण कोण, असं सगळं भरायचं. 'मनमिळाऊ व शांत स्वभावाच्या' हे त्यांनी वर आधीच लिहून ठेवलं होतं, सगळ्यांसाठी तेच लिहितात. तू आणि शांत? कोथिंबिरीच्या एका जुडीवरून भाजीवाल्याला रडकुंडीला आणणारी बाई तू. मी कागद तसाच परत दिला. म्हटलं, मला लिहायचं ते मी वंदीच्या जुन्या वहीत लिहीन, आणि मग फळ्यावर लावायचं तर तेच लावा. घरात आपण अहिराणीत भांडायचो, पण लिहायला बसलो की मला शाळेतली मराठी येते, तीही सातवीपर्यंतचीच. तेवढं चालवून घे.

तुझ्या कात्रीपासून सुरुवात करतो. नवागामच्या ह्या खोलीत तू दारात पाय पसरून बसायचीस, मांडीवर साडी उलटी टाकायचीस आणि मागच्या बाजूनं सुटलेले धागे कच कच कापत जायचीस. धागा कटिंगचं काम गल्लीतल्या निम्म्या बायका करतात, पण तुझ्या गठ्ठ्यातली साडी पर्वत पाटियाच्या दुकानातून कधी परत आली नाही. दुकानदार तुझा गठ्ठा उघडून बघायचासुद्धा नाही. आणि तुला त्याचा गर्व होता, हे कबूल कर. मी पांडेसऱ्याच्या यंत्रमागाच्या खात्यात लूमवर तुटलेली तार जोडणारा, आणि तू सुटलेली तार कापणारी. तू मला चिडवायचीस, "ओ कारागीर, तुम्ही गुंता करा, मी निस्तरते."

एका सकाळी तू पदरातले कापलेले धागे मागच्या दारी झटकलेस, मोरीपलीकडं, शेवग्याखाली, आणि एक चिमणी आली. धाग्यांचा पुंजका चोचीत धरून पत्र्याखालच्या फटीत गेली. तू मला हाक मारलीस ती अशी की मला वाटलं साप निघाला. मी तोंडात ब्रश घेऊन धावलो. तू म्हणालीस, "बघा, गरीब बिचारी माझं कटिंग घेऊन गेली." मग लगेच तुझा चेहरा पडला. "पण हा तर पॉलिस्टर. हा तिला चालायचा नाही." आणि तू स्टुलावर चढून त्या फटीतून तो पुंजका परत काढलास. चिमणीचा जीव वर-खाली. मी हसत होतो. काय वेडी बाई केली मी, असं म्हटल्याचंही आठवतं.

दुसऱ्या दिवसापासून तुझं दुकान सुरू झालं. जुन्या गोधडीतला कापूस, नारळाची शेंडी विंचरून काढलेला काथ्या, केरसुणीच्या काड्या, सुतळी उकलून केलेलं सूत, फाटक्या धोतराच्या दशा. मी सायकलचे मोडके स्पोक वाकवून एक गोल पिंजरा करून दिला, बिनदाराचा, सगळ्या बाजूंनी चोच आत जाईल असा. वंदी तेव्हा सहा वर्षांची. तिला तू नियम घालून दिलास की कुठलाही धागा चार बोटांपेक्षा लांब नको. तुझी चार बोटं म्हणजे वंदीची सहा. ती प्रत्येक धागा बोटांवर मोजायची, जीभ बाहेर काढून, आणि चुकला की तू तो तिच्यासमोर पुन्हा कापायचीस. मोजून, कापून, कालवून, मग पिंजऱ्यात हलक्या हातानं भरायचं, फार दाबायचं नाही, पाखराला ओढता आलं पाहिजे. होळी झाली की हे काम निघायचं. खात्याला सुट्टी असेल त्या दिवशी आपण तिघं मागच्या दारी बसायचो आणि मला आजही वाटतं की आपल्या संसारात आपण तिघांनी मिळून केलेलं ते एकच काम. बाकी सगळं पाळीपाळीनं झालं.

काय काय यायचं त्या पिंजऱ्यावर! चिमण्या तर होत्याच. बुलबुल यायचे, काथ्याच न्यायचे, कापसाकडं बघायचेसुद्धा नाहीत. आणि तो शिंपी पक्षी, शेपटी वर करून फिरणारा, तो एकदा कापसाचं एवढंसं बोंड घेऊन गेला, तेव्हा तू टाळी वाजवलीस. "आपल्या जातीचा आला! शिवणकामवाला!" वंदी "पप्पा, आ जो, आ जो!" म्हणजे 'हे बघ, हे बघ' असं गुजरातीत ओरडायची, गल्लीत पोरं जशी बोलतात तशी. आपला वाद व्हायचा घर कोण बांधतं ह्यावर. मी म्हणायचो नर बांधतो, बघ कसा पहिल्यांदा काडी आणतो. तू म्हणायचीस, "एक काडी आणतो आणि दहा वेळा ओरडतो. बाकीचं ती करते. बापे सगळीकडं सारखेच." हा वाद मिटलाच नाही. मिटवायचाही नाही आता. तूच जिंकलीस असं धर.

तिसऱ्या वर्षी मी शहाणपणा केला.

आमच्या खात्यात तेव्हा रंगीत धाग्याच्या साड्या लागल्या होत्या. गुलाबी, मोरपंखी, हळदीसारखा पिवळा. वेस्ट गेलेल्या धाग्याची लडी मी घरी आणली आणि तुझ्यासमोर टाकली. म्हटलं, तुझ्या ह्या मळक्या सुतापेक्षा हा दे, चिमण्यांना सणाची साडी मिळेल. तू बोटांत घेऊन बघितलास आणि म्हणालीस, नको. आता धाग्यातलं मला कोणी 'नको' म्हणावं? मी काडीपेटी काढली. खात्यात धागा ओळखायचा असला की आम्ही जाळूनच बघतो. तुझ्या सुताला काडी लावली, ते भुरभुर जळालं, कागदाचा वास, राख झाली. मग माझा लावला. तो आक्रसला आणि त्याची काळी कडक गोळी झाली. मी म्हटलं, "बघ! पाण्यात सडत नाही, उन्हात विटत नाही, ओढून तुटत नाही. आहे तुझ्या सुतात हा दम?"

तू ती गोळी नखानं दाबून बघितलीस. म्हणालीस, "म्हणजे पिल्लाच्या पायात अडकला तर त्यालाही तुटायचा नाही." आणि मग तू तुझ्या माहेरच्या कोंबड्यांचं सांगितलंस, पिल्लाच्या बोटाला सूत गुंडाळलं गेलं की ते आवळत जातं आणि बोट वाळून गळून पडतं, तुम्ही पोरी सुईनं सोडवत बसायच्या. "लांबा दोरा पिल्लूना पायमा गुताई जास," अशी तुझ्या आईची ताकीद होती. द्यायचाच तर चार बोटं कापून देऊ, म्हणालीस.

मी भडकलो. "माले शिकाडस? अठरा वर्षं धाग्यात गेली माझी!"

तू शांतपणे कात्री उचललीस. "तुमची जोडण्यात गेली. कापायचं मला कळतं." आणि माझ्या देखत ती सगळी लडी कोथिंबिरीसारखी चिरून टाकलीस. वंदी खुदकन हसली. बस. माझं डोकं फिरायला तेवढं पुरलं.

खरं सांगू? मी खात्यात आधीच फुशारकी मारून बसलो होतो. आमच्या घरी चिमण्या रेशमी घर बांधतात, एकदा उतरवून आणून दाखवीन, असं चार जणांत बोलून गेलो होतो. उचलली जीभ लावली टाळ्याला. दोन दिवसांनी तू गठ्ठा द्यायला गेली होतीस, वंदी शाळेत. मी दुसरी लडी आणली, न कापलेली, एकेक तार हात-दीड हात लांब, आणि पिंजऱ्याच्या मागच्या बाजूला अडकवली, भिंतीकडं, तुला दिसणार नाही अशी. चिमण्यांनी दोन दिवसांत साफ केली. तीच त्यांना सगळ्यांत आवडली, आणि मला इतका आनंद झाला की जणू मीच अंडी घालणार होतो.

पत्र्याखालून गुलाबी-पिवळ्या झिरमिळ्या लोंबायला लागल्या. गल्ली बघायला आली. आपल्या भिंतीला भिंत लागून राहणारी कमलमावशी, जिचं गल्लीत सगळे ऐकतात, तीसुद्धा म्हणाली, "भगवानच्या दारी चिड्या तोरण बांधतात." माझं नाव तिच्या तोंडी ऐकून मी मिशीतल्या मिशीत हसलो. तू वर बघत राहिलीस आणि नंतर मला घरात विचारलंस, "हा लांब धागा तुम्ही टाकला का?"

तेव्हा 'हो' म्हणालो असतो तर काय झालं असतं? तू दोन शिव्या दिल्या असत्यास, दिवसभर अबोला धरला असतास, विषय संपला असता. पण मी म्हणालो, "मी कशाला टाकू? तुझ्याच कापण्यातून राहिला असेल. डोळे तपासून घे." तू स्टूल आणलंस, धागे खेचून काढायला. मी तेही करू दिलं नाही. म्हटलं, आत अंडी असतील, माणसाचा हात लागला की चिमणी सोडून जाते. तू स्टूल ठेवून दिलंस. माझं ऐकलंस. एरवी कधी ऐकलं नाहीस आणि नेमकं तेव्हा ऐकलंस.

पुढचं तुला माहीत आहे. वंदीनं पहिल्यांदा पाहिलं. सकाळी दात घासायला मागच्या दारी गेली आणि किंचाळली. एक पिल्लू गुलाबी धाग्याला पायानं लटकत होतं, मेलेलं, मुंग्या लागलेल्या. चिमणी त्याच्याभोवती नुसती भिरभिरत होती, चोचीत अळी घेऊन. दुसरं आत होतं, जिवंत, पण त्याच्या पायाला आणि पंखाला तारा आवळल्या होत्या. बायका जमल्या. कमलमावशी कपाळाला हात लावून म्हणाली, "अरे देवा! एवढा लांब धागा टाकला कोणी?"

लूमच्या खडखडाटात आम्हाला ओरडून बोलायची सवय. घरी आलो तरी आवाज खाली येत नाही. मी कुणी विचारायच्या आत त्याच आवाजात बोललो, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा. "हिला दहादा सांगितलं, कापून टाक, कापून टाक. ऐकतंय कोण!"

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ना, त्या ह्याच.

तू माझ्याकडं बघितलंस. रागानं नाही गं. रागानं बघितलं असतंस तर मी भांडलो असतो, आणि भांडता भांडता एखाद वेळी खरं तोंडातून निघूनही गेलं असतं. तू डोळे बारीक करून आठवत होतीस. कुठल्या दिवशी, कुठली लडी, कुठली तार राहिली असेल. मी तुझ्यासमोर उभा राहून ते बघत होतो. मग तू कात्री आणलीस, स्टुलावर चढलीस, लटकलेलं पिल्लू हातात घेऊन धागा कापलास. दुसऱ्याचा पाय सोडवायला तुला अर्धा तास लागला. त्याला कापसात ठेवलंस, ते दुसऱ्या दिवशी गेलं. वंदी तुझ्यासमोर उभी राहून म्हणाली, "आई, तू मारलंस त्यांना."

महिनाभर तिनं तुझ्या हातून वेणी घालून घेतली नाही. कंगवा घेऊन कमलमावशीकडं जायची. तू दारात बसून साडी कापत असायचीस, ती तुला ओलांडून जायची. लेकराला तसं करायला मी लावलं नव्हतं, असं मी स्वतःला समजावत होतो. नव्हतं लावलं? मग कोणी लावलं होतं?

त्याच दिवसांत तिला ताप आला. उतरेचना. डॉक्टर झाला, सुया झाल्या. कमलमावशी वाईट बाई नाही, पण तिच्या तोंडातून गेलंच, की पाखराचा तळतळाट बरा नसतो, काहीतरी सोडून टाक सुमन. तो शब्द माझ्या डोक्यातून जाईना. मी दुपारी पाळी अर्धी टाकून घरी आलो, तो सांगायचं असं ठरवूनच आलो. तू वंदीच्या कपाळावर पट्टी ठेवत होतीस. मी म्हणालो, "सुमन," आणि तू मान वर न करता म्हणालीस, "ऐका, मी आंबा सोडला. जन्मभराचा. देवाला सांगून टाकलंय, माझ्या हातून झालं ते माझ्यावर घे, पोरीवर नको."

आणि मला सुटल्यासारखं वाटलं. देवाशपथ, सुमन. ह्या सगळ्यातली सगळ्यात लाज वाटणारी गोष्ट हीच आहे, धागा नाही, खोटं बोलणंही नाही. तू माझ्या पापाचं प्रायश्चित्त घेतलंस आणि मला वाटलं, चला, कुणीतरी घेतलं. चार दिवसांनी वंदीचा ताप उतरला, तसा तो उतरणारच होता. पण तुझा नेम पक्का झाला.

आंबा म्हणजे तुझा जीव की प्राण. आपल्या खान्देशात आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, आल्याशिवाय आंब्याला तोंड लावत नाहीत, तू त्याच्या आधी आठ दिवसांपासून मला वास घेऊन सांगायचीस की कोणाच्या घरी आढी लावलीय. कोय चोखून पांढरीफटक करायचीस, हनुवटीवरून रस ओघळायचा आणि वंदी तुला हसायची. त्या वर्षी आखाजीला तू रस केलास, आम्हा दोघांना वाढलास, आणि स्वतः पुरणपोळी दुधाशी खाल्लीस. मी वाटी तोंडाला लावली. पुढच्या आखाजीलाही लावली. अशा सहा आखाजी. एका वर्षी तर मी म्हणालो, "रस आंबट निघाला," आणि तू विचारलंस, "हो का? मला कसं कळणार!" आणि हसलीस. मी वाटी संपवली.

पिंजरा तू दुसऱ्याच आठवड्यात काढून भंगारात टाकलास. गल्लीतल्या पोरी होळीनंतर विचारायला आल्या, काकी, चिड्यांचं सामान कधी करायचं? तू म्हणालीस, "मला ते जमत नाही गं." मी खाटेवर बसून चहा पीत होतो.

पण त्याहून वाईट एक गोष्ट झाली, ती मला फार उशिरा कळली. तुझ्या हातावरचा तुझा विश्वास गेला. साडी कापून झाली की उलटून पुन्हा बघायचीस, मग तिसऱ्यांदा. मग वंदीला म्हणायचीस, "तू बघ गं एकदा, माझा काही भरवसा नाही." पुढं पुढं ते प्रत्येक गोष्टीत आलं. भाजीत मीठ टाकलं का, स्टोव्ह बंद केला का, कडी लावली का. कुलूप लावून गल्लीच्या टोकापर्यंत जायचीस आणि परत यायचीस. "माझा काही भरवसा नाही." जिचा गठ्ठा दुकानदार उघडून बघत नव्हता, ती बाई! आणि मी चारचौघांत सांगायचो, हिचं डोकं हललंय. लोक हसायचे. मीही हसायचो. तुझ्या डोळ्यांना काही झालं नव्हतं, डोक्याला काही झालं नव्हतं. तू त्या दिवशीही सगळे धागे चार बोटंच कापले होतेस. एकसुद्धा राहिला नव्हता.

दवाखान्यात मी प्रयत्न केला. तुझे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते आणि डॉक्टरनं मला बाहेर बोलावून काय सांगायचं ते सांगितलं होतं. वंदी घरी डबा आणायला गेली होती. मी तुझा हात धरला. म्हणालो, "सुमन, तो धागा..." तू डोळे उघडलेस. "कोणता? गठ्ठा द्यायचा राहिला का?"

सांगायला दोन शब्द पुरले असते. मी म्हणालो, "हो, तो उद्या देऊन येतो."

तू म्हणालीस, "द्यायच्या आधी उलटून बघा एकदा. माझा काही भरवसा नाही."

हे तुझं माझ्याशी शेवटचं धड बोलणं. नंतर तू बोललीस ते पाणी, वंदी, आई, एवढंच.

तुझं तेरावं झालं आणि पाच दिवसांनी आखाजी आली. तू नाहीस, म्हणजे ह्या वर्षी पितरांची घागर तुझ्याही नावानं. वंदी चौदा वर्षांची, तिनं सगळं केलं. पुरण तिनं घातलं, कमलमावशी पोळ्या लाटायला होती, शेजारच्या दोघी-तिघी होत्या. घागर भरली, तुझं पान वाढलं. वंदीनं आमरसाची वाटी पानात ठेवली तशी कमलमावशी म्हणाली, "ती नको बेटा. तुझ्या मायनं आंबा सोडला होता. सोडलेली वस्तू पानात वाढत नाहीत, तिचा नेम मोडेल." वंदी थांबली. मग तिनं वाटी उचलली. तिचा चेहरा मी बघितला. तो आठ वर्षांच्या पोरीचा चेहरा होता, मागच्या दारी उभ्या राहिलेल्या.

मी म्हणालो, "ठेव ती."

"पप्पा, मावशी म्हणते..."

"ठेव म्हणतो ना!" माझा आवाज खात्यातला. सगळ्या दचकल्या. म्हटलं, ज्या आवाजात खोटं बोललो त्याच आवाजात खरंही बोलावं. "नेम तिचा नव्हता. लांब धागा मी टाकला होता. तिनं सगळा कापला होता, मी चोरून दुसरा आणून टाकला आणि तुमच्या सगळ्यांसमोर तिचं नाव घेतलं. तिनं काही केलं नव्हतं. तिला रस वाढा."

कमलमावशी पोळपाटावर हात ठेवून बसली. "अरे भगवान," एवढंच म्हणाली. वंदी वाटी हातात धरून उभी.

"आईला माहीत होतं?"

"नाही."

"दवाखान्यात तरी सांगितलं?"

"नाही."

तिनं वाटी तुझ्या पानात ठेवली. सावकाश, एक थेंब सांडला नाही. मग माझ्याकडं वळली. मला वाटलं आता ही ओरडेल, वाटी माझ्या अंगावर फेकेल. फेकली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "मी तिला म्हटलं होतं, तू मारलंस. मी तिच्या हातून वेणी नाही घालून घेतली. आता मी कोणाजवळ जाऊन सांगू, पप्पा?"

 

आज सात दिवस झाले, ती माझ्याशी बोलत नाही. डबा भरून दारात ठेवते, कपडे धुते, ताट वाढून समोर सरकवते आणि मागच्या दारी जाऊन बसते. कमलमावशी म्हणते, लेकरू आहे, येईल समजून. मी म्हणतो, येऊ नये. तुझ्याशीही ती अशीच वागली होती, महिनाभर, आणि तू एकदाही तिला रागावली नाहीस, कुणाजवळ रडली नाहीस, रोज तिच्यासाठी कंगवा बाहेर काढून ठेवत राहिलीस. मी ताट संपवतो आणि उठतो. मला निदान माहीत आहे, ही शिक्षा कशाची. तुला तर तेही खोटंच सांगितलं होतं.